इंग्लंडमधला वॉर्ड, मस्कतचा हलवा

मुलीचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं दार उघडत होतो आणि लावत होतो. मे महिना चालू होता. दार उघडलं की भट्टीसारखा वारा आत यायचा, लावलं की एसीची घरघर ऐकू यायची. दोन्ही नकोसं होत होतं. मुलगा आणि सून कामावर गेले होते, नात शाळेत होती, आणि त्या आठवड्यात मला एका जागी दहा मिनिटंसुद्धा बसवत नव्हतं.

मुलगी इंग्लंडमध्ये एका मध्यम गावात राहते. तिथल्या काउन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेत, ती निवडून आलेली सभासद आहे आणि तिच्या पक्षाच्या गटाची उपनेतीही आहे. त्या दिवशी ती काउन्सिलच्या इमारतीबाहेर गाडीत बसून बोलत होती.

"बाबा, जुळलं एकदाचं. आम्ही आणि नारिंगी मिळून चालवणार. हिरवे दोघं बाहेरून पाठिंबा देणार."

आमच्या घरात तिथल्या पक्षांची नावं कुणी घेत नाही, सगळे रंगांनी बोलतात. ही सवय माझी. जुन्या विमानतळाजवळच्या कार्गो ऑफिसात मी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे मॅनेजर आणि त्याचा सहायक असे दोन इंग्रज होते, एक कट्टर निळा आणि दुसरा कट्टर लाल. त्यांच्या देशात मतदान असलं की दोघं आपापल्या रंगाचा टाय बांधून यायचे, दिवसभर एकमेकांना टोचून बोलायचे आणि संध्याकाळी एकाच गाडीतून घरी जायचे. आम्हा भारतीयांना इथे मत नव्हतं आणि मत द्यायला गावी जाणं परवडत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांचं राजकारण क्रिकेटसारखं बघायला लागलो. निळ्यांनी आणि नारिंगींनी जन्मभर एकमेकांना शिव्या घातल्या आणि मग एक दिवस एकत्र राज्य करायला बसले, तेव्हा आमच्या मॅनेजरने नारिंगी रुमाल खिशात खोचला होता. पुढच्या निवडणुकीत नारिंगींचं पार पानिपत झालं आणि तो रुमाल दिसेनासा झाला. अलीकडे एक फिरोजी पक्ष आला आहे, तो निळ्यांचं घर पोखरतोय आणि लालांच्याही भिंतीला भोकं पाडतोय. त्यामुळे काल एकमेकांचे पोस्टर फाडणारे लाल आणि नारिंगी आज एका टेबलाशी बसले आहेत. मुलगी लालांची, आणि तिच्या गावातही तेच झालं होतं. फिरोजी पहिले आले, पण बहुमत कुणालाच नव्हतं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं, कारण तिचा आवाज जुळलं म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

"नारिंगी घरांच्या खात्यासाठी त्याचं नाव देताहेत. सलालाहच्या काकांच्या मुलाचं."

सलालाहचे काका म्हणजे ओमानच्या दक्षिण टोकाच्या सलालाह शहरात राहणारा माझा जुना मित्र. मी बाल्कनीचं दार लावलं.

"आमच्या गटाला नकोय तो," ती म्हणाली. "म्हणतात, ज्याने ऐन शेवटच्या दिवशी स्वतःच्याच पक्षाला तोंडघशी पाडलं तो आपल्याला काय धरून राहणार? आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. माणूस वाईट नाही. पण घाबरट आहे. फिरोजी रोज अंगावर येणार, तिथे पळणारा कसा चालेल?"

"मग?"

"माझ्यावर सोडलंय. लहानपणापासून ओळखतेस, तूच सांग म्हणाले. शुक्रवारी मीटिंग आहे. मी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर तो गेला. पुन्हा त्याला कुणी विचारणार नाही."

"बघ. नीट विचार कर," मी म्हणालो. मी फक्त एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

तो पळाला नव्हता. त्याला मी बसवला होता. हे मस्कतमध्ये तीन माणसांना माहीत होतं. एक मी, दुसरा त्या मुलाचा बाप. तिसरी माझी बायको, ती आता नाही.

कसं बसवलं ते कळायला आमच्या मराठी मंडळाची पद्धत सांगायला हवी. मी इथे आल्यापासून मंडळाच्या कार्यकारिणीसाठी एकदाही मतदान झालेलं नाही. परक्या मुलखात परवानगीने चाललेलं मंडळ, त्यात आपला आवाज चढू नये, हे सगळ्यांना पटलेलं होतं. पण माणसं आहेत म्हटल्यावर अध्यक्ष व्हायची हौसही असायचीच. एका बाजूला पुण्यामुंबईचे नोकरदार, दुसऱ्या बाजूला कोकणातून आलेले मेकॅनिक, फोरमन, हॉटेलवाले. दोन नावं पुढे आली की मी एकाच्या घरी जायचो आणि जाताना ओमानी हलव्याचा डबा घेऊन जायचो, केशराचा, वर बदाम लावलेला. मुलांच्या दहावीच्या गोष्टी व्हायच्या, चहा व्हायचा आणि मग मी म्हणायचो, "यंदा त्यांना होऊ दे. पुढच्या वर्षी तुम्ही." माझ्या हातात डबा दिसला की माणसं दारातच हसायची. म्हणायची, "काका हलवा घेऊन आले, आज कुणीतरी बसणार."

याचे दोन नियम होते. पुढच्या वर्षीची पाळी चुकायची नाही. आणि बसलेल्या माणसाला बसवलं असं कधी कुठे बोलायचं नाही, तो स्वतःच कामाच्या व्यापाचं कारण सांगणार. त्याची अब्रू झाकलेली राहिली पाहिजे. हे दोन्ही नियम मी वर्षानुवर्षं पाळले आणि त्याचा मला अभिमान होता.

सलालाहचा माझा मित्र तेव्हा सलालाहला नव्हता. तो अझैबातच, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. मालवणकडचा, एसी दुरुस्त करणारा, पुढे स्वतःचं वर्कशॉप काढलेला. आमची पोरं एकाच शाळेच्या बसने जायची आणि बसमध्ये आपसात इंग्रजीत भांडायची. पुढे दोघंही शिकायला इंग्लंडला गेली. आमच्या ओळखीतली बरीच मुलं त्या एका गावात नोकरीला लागली, त्यामुळे मुलीच्या वॉर्डात अर्धं अझैबा राहतं असं आम्ही गमतीने म्हणायचो. माझी मुलगी लालांत गेली, त्याचा मुलगा नारिंगींत.

मागच्या निवडणुकीत दोघं एकाच वॉर्डातून उभे राहिले. वॉर्ड निळ्यांचा, पण निळे त्या वर्षी डळमळीत होते. मुलगी रोज पत्रकं वाटून दमून फोन करायची. एकदा ती म्हणाली, "तो उभा राहिला नसता तर मी आले असते, बाबा. आता आपल्याच घरांत मतं फुटणार आणि निळा मधून निघून जाणार." दमलेल्या माणसाने दमल्यावर बोलावं तसं ती बोलली होती. मी त्याला काम समजलो.

दुसऱ्या दिवशी मी हलवा घेतला आणि खाली गेलो. मित्राने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं आणि हसला.

"मंडळाची निवडणूक तर झाली. मगे आता कोणाक बसवूक इलंस?"

"तुझ्या पोराला."

तो हसायचा थांबला. मी आत जाऊन बसलो आणि नेहमीसारखं बोललो. आपली पोरं, एका जिन्यात वाढलेली, गोऱ्यांसमोर एकमेकांवर चिखल उडवणार का? मतं फुटली तर निळा येणार, मग दोघांच्याही हाती काय? यंदा तिला होऊ दे. पुढच्या वेळी ती थांबेल, तो उभा राहील.

"तिना सांगल्यान आसा?" त्याने विचारलं. तिने तसं सांगितलंय का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "हो."

तिने सांगितलं नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं. मंडळात मी असं कधी केलं नव्हतं. दोन्ही बाजूंना विचारल्याशिवाय मी डबा घेतच नसे. त्या दिवशी मी घाईत होतो आणि मला मुलगी निवडून यायला हवी होती.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती म्हणाली, "ते मंडळ नाही हो, तिकडे राज्य चालतं." मी म्हणालो, "राज्यही असंच चालतं, तू बातम्या बघत नाहीस." ती भाजी चिरत राहिली.

तिकडे उमेदवारी अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आणि अर्ज भरायचा शेवटचा दिवस एकच असतो. मित्राच्या मुलाने त्या दिवशी दुपारी अर्ज मागे घेतला, तेव्हा त्याच्या पक्षाला दुसरा माणूस उभा करायला वेळच उरला नाही. त्या वॉर्डात नारिंगींचा कुणीच नव्हता. मुलगी थोड्याच मतांनी निवडून आली.

त्या मुलाला त्याच्या पक्षाने बाजूला ठेवलं. गावात आणि इकडे मस्कतमध्येही लोक म्हणायला लागले की त्याने काहीतरी घेतलं असणार. आमच्या मंडळाच्या कोजागिरीला कुणीतरी मित्रासमोरच थट्टा केली, "काय हो, पोराने किती सोडवून घेतले?" सगळे हसले. मीही हसलो. मित्र दुधाचा पेला घेऊन उठला आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर वर्षभरात तो सलालाहला गेला. अर्बाबाचं, म्हणजे त्याच्या ओमानी भागीदाराचं, तिकडे मोठं काम आलं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी ते खरं धरून चाललो, कारण मला तसं धरून चालायचं होतं.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा निवडणूक आली. मुलगी त्याच वॉर्डातून उभी राहिली. पाळी त्याची होती आणि ती मी तिला सांगितली नाही. तो दुसऱ्या वॉर्डातून उभा राहिला, काउन्सिलच्या जुन्या, भाड्याने दिलेल्या घरांच्या वस्तीतून, जिथे फिरोजींचं वारं जोरात होतं. चार वर्षं तो त्या वस्तीत दारोदार फिरला होता म्हणे, गळकी छपरं आणि बंद पडलेल्या लिफ्ट बघत. तो निवडून आला.

मुलीशी बोलणं झालं ते मंगळवारी. बुधवारी मी सलालाहचं विमान पकडलं. बसवलेल्याचं गुपित एकट्याचं नसतं. ते उघडायचं तर दुसऱ्याची परवानगी घ्यावी लागते, असं मला वाटलं. मुलाला सांगितलं की मित्राला भेटायला चाललोय. "आत्ता? खरीफला जा ना बाबा, हिरवं असतं," तो म्हणाला. खरीफ म्हणजे तिकडचा पावसाळा, तो यायला अजून महिनाभर होता. विमानातून खाली सगळे डोंगर तपकिरी दिसत होते.

मित्र पिकअप घेऊन विमानतळावर आला होता. माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, "हलवो नाय? मगे बरो इलंस."

त्याने मला घरी न नेता नारळाच्या बागांजवळच्या रस्त्यावर नेलं. तिथे ओळीने शहाळ्यांचे, केळ्यांचे, पपयांचे ठेले आहेत. घरी बोललो असतो तर वहिनींना ऐकू गेलं असतं. आम्ही शहाळी घेऊन पिकअपच्या मागच्या फळीवर बसलो. मी उठून दोन पावलं चाललो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो.

"बस मरे," तो म्हणाला. "काय झाला?"

मी सगळं सांगितलं. युती, घरांचं खातं, शुक्रवारची मीटिंग, माझी मुलगी त्याच्या मुलाला घाबरट म्हणाली तेही. तो ऐकत होता.

"तू त्याला तेव्हा समजावलं होतंस ना?" मी विचारलं. "आपल्यात काय ठरलं ते?"

"मी समजावूक नाय. मी फोन केलंय आणि सांगितलंय, माझ्या शब्दासाठी मागे घे. 'कोणाक दिल्यात शब्द?' म्हणान इचारल्यान. मी सांगूक नाय. तुझोच नियम मां तो, वाच्यता करूची नाय." त्याने शहाळं हातात फिरवलं. "तेना मागे घेतल्यान. एक शब्द उलट बोलूक नाय. पण तेच्या मागसून माका 'बाबा' म्हणान हाक मारूक नाय. फोन करता, आवशीबरोबर बोलता, मग माका इचारता, 'बरे आसात मां?' जसो काय मी खालच्या मजल्यावरचो कोणी."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी असं धरून होतो की बापलेकांनी बसून ठरवलं असेल.

"तू मला बोलला नाहीस कधी."

"काय बोलूचा? तुझ्या चेडवान शब्द दिलेलो. यंदा पाळी आमची होती. मी वाट बघलंय तुझ्या फोनाची. मग बातमी इली, ती परत थयसूनच उभी. म्हटलंय, मोठी झाली आता, इसारली आसात."

"माझी मुलगी विसरली नाही," मी म्हणालो. "तिला ठाऊकच नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो. ते खोटं होतं."

ठेलेवाला कोयत्याने दुसऱ्या कुणाचं शहाळं सोलत होता. मित्र बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"म्हणजे माझो झील तुझ्या चेडवासाठी बसूक नाय," तो म्हणाला. "तो तुझ्यासाठी बसलो."

मी मान हलवली.

"तू माका चेडवाच्या नावान खोटा सांगितलंस. स्वतःच्या नावान मागितलं असतंस तरी मी दिलंय असतंय रे." तो फळीवरून उतरला. मला वाटलं तो आता मला तिथेच सोडून जाणार. त्याने शहाळं टाकून दिलं, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "चल घरी. फोन करूचो आसा."

"कुणाला?"

"तू तुझ्या चेडवाक कर. मी माझ्या झिलाक करतंय. एकाच टायमाक. नायतर तेंका एकमेकांकडसून कळतला आणि आपण दोघव परत खोटे ठरतलंव."

त्या संध्याकाळी काही केल्या दोघांचे फोन लागेनात, दोघंही प्रचारानंतरच्या बैठकांत होती. रात्र मी त्यांच्या हॉलमध्ये काढली. गुरुवारी दुपारी चहानंतर मित्र आतल्या खोलीत गेला आणि मी बाहेर जिन्यात उभा राहिलो. दार अर्धं उघडं होतं. वहिनी मधे स्वयंपाकघरात होत्या, त्यांना त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण चहात साखर माझ्याच मापाने घातली होती.

मुलीने उचलला. "बाबा, पटकन बोला, आत जायचंय."

मी पटकन बोललो. असली गोष्ट सांगायला फार शब्द लागत नाहीत.

ती म्हणाली, "म्हणजे त्याने मागे घेतला तो तुमच्या सांगण्यावरून?"

"त्याच्या बापाच्या. बापाने माझ्या सांगण्यावरून. आणि मी तुझं नाव घेतलं."

"माझं नाव. मी काय म्हणाले होते असं सांगितलंत?"

"पुढच्या वेळी तू थांबशील."

"वाव," ती म्हणाली. "आणि यंदा मी उभी राहिले तेव्हा तुम्ही मला आशीर्वाद दिलेत. व्हिडिओवर."

आतून मित्राचा आवाज येत होता. "होय. होय... नाय, तिका कायच म्हायती नव्हता."

"तुम्हाला माहितीये मी काय केलंय?" मुलगी म्हणाली. "मागच्या वेळच्या निकालाला माझ्या हातात माईक होता. मी म्हणाले, काही लोकांना हरायच्या आधीच हरल्याचं कळतं, त्यांचेही आभार. सगळा हॉल हसला. तो मागे उभा होता, बाबा. मतमोजणी बघायला आला होता. टाळ्या वाजवल्या त्याने."

"मला माहीत नव्हतं."

"मला आधी विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून."

ती हसली, पण ते हसू नव्हतं. "काही घेऊन गेला होतात का काकांकडे? मला हे सगळं ग्रुपला सांगावं लागणार आहे, ते विचारतील. पैसे, काही काम, काहीही?"

"हलवा."

"काय?"

"हलव्याचा डबा. केशराचा."

"देवा. मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगू, की हलव्यावर बसला? त्यांना वाटेल मी थट्टा करतेय."

"तुला सांगावंच लागेल का? तू नुसतं हो म्हण त्याच्यासाठी. तुझा भरवसा आहे असं सांग."

आता लिहिताना मला या वाक्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. खरं सांगायला म्हणून गेलो आणि ते सांगून झाल्यावर पुन्हा एकदा जुळवून आणायला निघालो.

"बाबा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज तिच्या आईसारखा झाला. "हे मंडळ नाही. आम्ही भांडतो, लोकांसमोर भांडतो, लोक मतं देतात, मग कुणाला किती मिळाली ते बघून आम्ही बसतो आणि काय ठरलं ते लिहून सगळ्यांना वाचायला देतो. उद्या मोडलं तर तेही लोकांसमोर मोडेल. तुम्ही लोक मतं द्यायच्या आधीच बसवता. त्या वॉर्डातल्या ज्या माणसांना नारिंगीला मत द्यायचं होतं त्यांनी काय करायचं होतं? त्यांना कुणी हलवा दिला?"

मी जिन्याची एक पायरी खाली उतरलो.

"माझी ती जागा माझी नव्हतीच मग," ती म्हणाली. "मी चार वर्षं त्याला घाबरट म्हणत फिरले." आणि तिने फोन ठेवला.

मी आत गेलो. मित्र पलंगावर बसला होता, फोन मांडीवर.

"काय म्हणाला?"

"कायच नाय. सगळा ऐकल्यान. मग तो म्हणालो, 'मीटिंग आसा, ठेवतंय.'" थोड्या वेळाने त्याने सांगितलं, "ठेवताना 'बाबा' म्हणालो काय असा वाटला. लाइन खरखरत होती. नक्की सांगूक येणा नाय."

संध्याकाळी त्याने मला विमानतळावर सोडलं. पिकअपमधून उतरताना मी त्याचा हात धरायला गेलो, तर त्याने गिअर बदलला. "तुझी वहिनी म्हणता खरीफात ये," तो समोर बघत म्हणाला. वहिनींचं आमंत्रण होतं की त्याचं, ते मी विचारलं नाही.

शुक्रवार संपेपर्यंत मी अझैबाच्या किनाऱ्यावर दोनदा चालून आलो. दुपारी उन्हात बाहेर पडलो म्हणून सून रागावली. संध्याकाळी मुलीचा मेसेज आला. "सांगितलं सगळं. त्याला घरांचं खातं दिलं. मी उपनेतीपद सोडलं. वॉर्डात पत्रक काढून लिहिणार आहे." त्याखाली काही नव्हतं. मी हो लिहिलं, खोडलं, बरं लिहिलं, तेही खोडलं.

तिच्या वॉर्डातल्या आमच्या ओळखीच्या घरांतून बातमी मस्कतला यायला वेळ लागला नाही. पण येता येता ती बदलली. कुणी म्हणतं तिनेच कट केला होता, कुणी म्हणतं फिरोजींनी हे उकरलं, कुणी म्हणतं दोघांचं आधीपासून ठरलेलं. म्हणून हे लिहितो आहे. तिने काही केलं नाही आणि त्याने काही घेतलं नाही. दोघं एकमेकांविरुद्ध सरळ उभे राहिले होते आणि मधे मी गेलो. कोजागिरीला गच्चीवर जे हसले त्यांनी हे वाचावं. त्या हसण्यात मीही होतो.

मागच्या आठवड्यात मंडळाच्या सध्याच्या सचिवाचा फोन आला. तरुण माणूस आहे, बँकेत आहे.

"काका, यंदा अध्यक्षपदाला दोन नावं आली आहेत. दोघंही ऐकत नाहीत. तुम्ही एकदा जाऊन या ना. हलव्याचं मंडळ बघेल."

"उभे राहू देत दोघं," मी म्हणालो.

"म्हणजे मतदान?"

"हो."

"काका, पण मतदान घेतात कसं? आपल्याकडे कुणालाच माहीत नाही. म्हणजे चिठ्ठ्या करायच्या, की हात वर? कोण मोजणार? हरलेला येईल का परत?"

मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तो प्रश्न येऊच दिला नव्हता.

"मुलीला विचारून सांगतो," मी म्हणालो.

रोज संध्याकाळी, तिकडची दुपार झाली की, मी फोन लावतो. तो वाजत राहतो. काल दोनदा वाजून झाल्यावर मधेच कट झाला, म्हणजे तिने हातात घेतला असावा. सचिवाने दोनदा आठवण केली आहे. त्याला मी सांगितलंय की थांब, विचारायचं आहे.